ल्युपसच्या नमुन्यांत टी-रेग वाढलेल्या दिसतात: पेशी खरंच वाढल्या की गेट चुकलं?

निळी_नळी
सक्रिय ल्युपस असलेल्या रुग्णांच्या आणि त्याच वयोगटातल्या निरोगी व्यक्तींच्या रक्तातल्या नियामक टी पेशी, म्हणजे टी-रेग, फ्लो सायटोमेट्रीने (रंगीत अँटिबॉडी लावून एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्राने) मोजायच्या आहेत. स्वप्रतिकार आजारात त्या कमी असाव्यात अशी अपेक्षा होती. २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ब्रुंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळाल्यापासून तर जिथे वाचावं तिथे तेच: टी-रेग हा ब्रेक, ब्रेक सुटला की शरीर स्वतःवरच उलटतं. माझ्या प्लॉटवर मात्र निरोगी नमुन्यांत सीडी४ (मदतनीस) टी पेशींपैकी ६ टक्क्यांच्या आसपास फॉक्सपी३ (टी-रेगची खूण मानलं जाणारं प्रथिन) पॉझिटिव्ह आणि रुग्णांत ११-१२ टक्के.

पद्धत अशी: हेपरिनच्या नळीत रक्त, फिकॉलवर पीबीएमसी (रक्तातल्या एककेंद्रकी पांढऱ्या पेशी) वेगळ्या, द्रव नायट्रोजनमध्ये साठवण. वितळवल्यावर २ टक्के सीरम असलेल्या बफरमध्येच मृत पेशींचा रंग, मग सीडी३, सीडी४, सीडी२५, सीडी१२७ या पृष्ठभागावरच्या खुणांच्या अँटिबॉडी. त्यानंतर पेशी फिक्स करायला ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड २० मिनिटं, सॅपोनिन बफरमध्ये फॉक्सपी३ ३० मिनिटं. फॉक्सपी३चा रंग एफआयटीसी. सगळीकडे ३०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट) ५ मिनिटं फिरवतो. फॉक्सपी३चं गेट, म्हणजे पॉझिटिव्ह कुठून धरायचं ती रेघ, आयसोटाइप कंट्रोलवरून (फॉक्सपी३ न ओळखणारी, तुलनेपुरती अँटिबॉडी).

तीन अडचणी आहेत. फॉक्सपी३चा वेगळा ढग दिसत नाही, मुख्य ढगाला नुसता खांदा आल्यासारखा दिसतो. फिक्स केल्यावर निम्म्या पेशी गायब होतात. आणि तिसरी म्हणजे वर दिलेला उलटा आकडा. कुठे चुकतंय?

फिरकी_६००
आधी ओट्यावरचं, म्हणजे प्रयोगशाळेतल्या हातकामाचं, बोलू. आकड्याचा अर्थ नंतर लावता येईल, कारण या पद्धतीतून आलेल्या आकड्याला सध्या तरी अर्थ नाही.

सॅपोनिनपासून सुरुवात करा. सायटोकाइन (पेशींची संदेशवाहक प्रथिनं) पेशीद्रव्यात असतात, तिथे सॅपोनिन चालतं. ते बाहेरच्या पटलातल्या कोलेस्टेरॉलला धरून भोकं पाडतं, केंद्रकाच्या पटलावर त्याचा जोर फारसा चालत नाही. फॉक्सपी३ हे केंद्रकात बसणारं प्रथिन. अँटिबॉडी तिथवर अर्धवट पोचते, म्हणून ढगाऐवजी खांदा. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरसाठी मिळणारा वेगळा बफर संच घ्या. त्यातलं फिक्स-पर्म (पेशी फिक्स करून भोकं पाडणारं द्रव) सहसा १ भाग संहत द्रव आणि ३ भाग विरळक असं त्याच दिवशी बनवायचं. कालचं उरलेलं वापरू नका. अंधारात ३० ते ६० मिनिटं. पुढची प्रत्येक धुलाई आणि फॉक्सपी३चं स्टेनिंग पर्म बफरमध्येच करायचं. मधेच साध्या पीबीएसने धुतलं, तर भोकं मिटतात आणि आत शिरलेली जास्तीची अँटिबॉडी आतच अडकते. सॅपोनिनची भोकं तर कायमची नसतातच.

पेशी गायब होण्याचं कारण सेंट्रिफ्यूज. फिक्स झालेल्या पेशी आक्रसतात आणि ३०० जीला तळाशी बसत नाहीत. त्या द्रवात तरंगत राहतात आणि तुम्ही त्या ओतून देता. फिक्सच्या आधी ३०० ते ४००, फिक्सनंतर ६०० ते ८०० जी, ५ मिनिटं. नळी उपडी करून झटका मारायची सवय असेल, तर फिक्सनंतर ती सोडा. वरचा द्रव पिपेटने काढा, तळाशी ५० ते १०० मायक्रोलिटर राहू द्या. फिक्सनंतरचा पेलेट पांढरा दिसत नाही, काचेवर पुसट वाफ धरावी तसा दिसतो. "पेलेटच नाही" म्हणून घाबरून पुन्हा ढवळू नका.

मृत पेशींचा रंग सीरममध्ये टाकणं ही नेहमीची चूक. तो रंग अमाइन गटांना चिकटतो. सीरममधली प्रथिनं तो पेशींच्या आधी खाऊन टाकतात, मग मेलेल्या पेशीही फिकट दिसून जिवंतांत मिसळतात. गोठवून वितळवलेल्या नमुन्यात मेलेल्या पेशी भरपूर असतात, आणि मेलेली पेशी कुठलीही अँटिबॉडी ओढून घेते. तुमच्या खांद्यातला काही भाग निव्वळ मढ्यांचा असणार. हा टप्पा प्रथिनविरहित पीबीएसमध्ये करा. ट्रिसचा बफरही नको, त्यातही अमाइन असतं. नंतर सीरमवाल्या बफरने एकदा धुतलं, की उरलेला रंग टिपला जातो.

एफआयटीसी बदला. फिक्स केल्यावर हिरव्या चॅनलमध्ये पेशींची स्वतःचीच चमक वाढते, आणि फॉक्सपी३चा संकेत मुळात मंद. फॉक्सपी३ला पीई किंवा अलेक्सा ६४७ द्या. एफआयटीसी सीडी४सारख्या ठळक मार्करकडे वळवा. क्लोनही, म्हणजे अँटिबॉडीचा वाण, बघा. १५०डी हा क्लोन फॉक्सपी३च्या दुसऱ्या एक्सॉनला (जनुकाचा प्रथिनात उतरणारा तुकडा) धरतो, आणि माणसात तो एक्सॉन गळलेला प्रकारही बनतो. ती प्रथिनं तुम्हाला दिसणारच नाहीत. पीसीएच१०१ची पार्श्वभूमी २५९डीपेक्षा जास्त असते. कुठलाही घ्या, पण टायट्रेशन करा: दुप्पट-दुप्पट विरळ करत ५-६ मात्रा, आणि ज्या मात्रेला पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधलं अंतर सर्वात जास्त, तीच कायम. डब्यावरची मात्रा ही फक्त सुरुवात समजा.

वितळवताना: ३७ अंशांच्या पाण्यात बर्फाचा हरभऱ्याएवढा खडा उरेपर्यंतच धरा, मग कोमट माध्यम थेंबाथेंबाने. गोळे होत असतील तर डीएनेज घाला. मात्र त्याच बफरमध्ये ईडीटीए असेल तर डीएनेज वाया जातं, कारण त्याला मॅग्नेशियम लागतं.

तिसरा_भाग
ओट्यावरचं सगळं पटलं. आता गेटिंग.

आयसोटाइप कंट्रोल सोडून द्या. पेशीच्या आतल्या स्टेनिंगमध्ये आयसोटाइपची चिकटण्याची तऱ्हा वेगळी, रंगाचं प्रमाण वेगळं. त्यावरून रेघ मारणं म्हणजे शेजाऱ्याच्या मापाने सदरा शिवणं. फॉक्सपी३साठी त्याच नळीतल्या निगेटिव्ह पेशी वापरा: सीडी४ पॉझिटिव्ह पण सीडी२५ अजिबात नसलेल्या, किंवा सीडी८ पेशी. सीडी२५ आणि सीडी१२७साठी तो एकच रंग वगळून बाकी सगळे घातलेली नळी, म्हणजे एफएमओ. बी पेशी निगेटिव्ह कंट्रोल म्हणून चांगल्या, पण ल्युपसच्या रुग्णाने रिटुक्सिमॅब (बी पेशी नष्ट करणारं औषध) घेतलेलं असेल तर त्या सापडणारच नाहीत. म्हणून योजना त्यांच्यावर उभी करू नका.

आता उलट्या आकड्याचं मूळ. उंदरात फॉक्सपी३ पॉझिटिव्ह म्हणजे टी-रेग, हे बऱ्यापैकी चालतं. माणसात चालत नाही. माणसाची साधी टी पेशी उद्दीपित झाली की ती काही काळ फॉक्सपी३ दाखवते, दमन, म्हणजे इतर पेशींना आवर घालणं, मात्र करत नाही. सक्रिय ल्युपसमध्ये उद्दीपित टी पेशींची रेलचेल असते. म्हणजे ज्या आजारात हा गोंधळ सर्वात जास्त, नेमक्या त्याच आजारात तुम्ही एकाच रेघेवर मोजताय.

पॅनलमध्ये सीडी४५आरए घाला. साकागुचींच्या गटाने २००९मध्ये दाखवलेली विभागणी वापरा: सीडी४ पेशींचा सीडी४५आरए विरुद्ध फॉक्सपी३ असा प्लॉट. पहिला भाग: सीडी४५आरए आहे, फॉक्सपी३ मंद. या विश्रांत टी-रेग. दुसरा: सीडी४५आरए नाही, फॉक्सपी३ ठळक. या कार्यरत टी-रेग, दमनाची खरी ताकद यांच्याकडे. तिसरा: सीडी४५आरए नाही, फॉक्सपी३ मंद. यांतल्या बहुतेक टी-रेग नसतातच. त्या आयएल-१७सारखे दाहक सायटोकाइनसुद्धा सोडतात. "फॉक्सपी३ पॉझिटिव्ह ११ टक्के" म्हणताना तुम्ही ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच खात्यात मांडताय. त्याच अभ्यासात सक्रिय ल्युपसमध्ये दुसरा भाग घटलेला आणि सारकॉइडोसिसमध्ये (दुसरा एक दाहक आजार) वाढलेला दिसला होता. एकूण बेरजेत हे काहीच दिसलं नसतं.

रेघ कुठे मारायची हा सगळ्यांचा अडणारा प्रश्न. आधी पहिल्या भागाकडे बघा. तिथल्या पेशींच्या फॉक्सपी३ची जी वरची कड, तीच आडवी रेघ सीडी४५आरए नसलेल्या बाजूला ओढा. रेघेच्या वर दुसरा भाग, खाली तिसरा. डोळ्यांना बरं दिसतं म्हणून नमुन्यागणिक रेघ हलवू नका; एका बॅचला एकच रेघ, आणि प्रत्येक बॅचमध्ये एकाच निरोगी दात्याच्या गोठवलेल्या पेशींची नळी. वयही जुळवायला हवं. वय वाढतं तसा थायमस आटतो आणि पहिला भाग आपसूक बारीक होतो.

किती घटना (यंत्राने टिपलेल्या पेशी) टिपायच्या हेही आधी ठरवा. टी-रेग सीडी४च्या ६ टक्के, सीडी४ लिम्फोसाइटच्या ४० टक्के धरल्या, तर १,००० टी-रेगसाठी सुमारे ४२,००० जिवंत लिम्फोसाइट लागतात. पण दुसरा भाग सीडी४च्या दीड टक्का असेल, तर तेवढ्याच १,००० पेशींसाठी १,६७,००० लागतात. १०० घटनांवर नुसत्या मोजणीचीच चूक १० टक्के, १,०००वर ३ टक्क्यांच्या जरा वर. फिक्समध्ये निम्म्या पेशी गमावल्यावर दुसऱ्या भागाबद्दल बोलायला हाताशी काही उरत नाही.

पृष्ठभागवाला
इतका खटाटोप कशाला? २००६मध्ये दोन गटांनी वेगवेगळं दाखवलंय की टी-रेगवर सीडी१२७ कमी असतं. सीडी२५ ठळक, सीडी१२७ मंद एवढं गेट लावा. फिक्स नको, पर्म नको, पेशी जिवंत राहतात आणि सॉर्टही करता येतात, म्हणजे वेगळ्या काढता येतात. बहुकेंद्री अभ्यासात फॉक्सपी३चं स्टेनिंग प्रयोगशाळेगणिक बदलतं, पृष्ठभागाचं बरंच कमी.

तिसरा_भाग
सॉर्ट करायचं असेल तर दुसरा मार्गच नाही, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ल्युपसमध्ये मोजायला मात्र ते अपुरं पडतं, दोन्ही बाजूंनी. उद्दीपित साधी टी पेशी सीडी२५ चढवते आणि सीडी१२७ काही काळ उतरवते, म्हणजे ती तुमच्या गेटमध्ये शिरते. आणि ल्युपसमध्ये आयएल-२ची (टी-रेगना जगवणाऱ्या सायटोकाइनची) चणचण असते, सीडी२५ जवळजवळ नसलेल्या फॉक्सपी३ पेशी दिसतात. त्या गेटबाहेर राहतात. शिवाय सीडी२५ हा सलग उतरता पट्टा आहे, "ठळक" कुठून सुरू होतं ते प्रत्येक जण आपापलं ठरवतो.

पृष्ठभागवाला
सीडी२५ नसलेल्या त्या फॉक्सपी३ पेशी खऱ्या टी-रेग आहेत की उद्दीपित पेशींचं उरलंसुरलं, यावर अजून वाद आहे. पण ठीक, दोन्ही गेट मांडा आणि दोन्ही आकडे द्या. एकच आकडा द्यायचा हट्ट सोडला तर आपलं भांडण मिटतं.

एक सूचना. प्रत्यारोपणाचे नमुने कधी हाताळलेत तर बॅसिलिक्सिमॅब ध्यानात ठेवा. ते औषधच सीडी२५ला चिकटतं. तुमचा क्लोन त्याच जागेला धरणारा असेल, तर पेशी असूनही प्लॉट रिकामा दिसेल आणि "टी-रेग संपल्या" असा निष्कर्ष निघेल. दुसऱ्या जागेला धरणारा क्लोन मागवा.

मेथिल_मोजणारी
वाद मिटवायला डीएनए आहे की. फॉक्सपी३ जनुकात टीएसडीआर नावाचा तुकडा असतो. स्थिर टी-रेगमध्ये त्यावरचे मेथिल गट निघालेले असतात. तात्पुरता फॉक्सपी३ दाखवणाऱ्या उद्दीपित पेशीत ते जागच्या जागी असतात. तिसऱ्या भागातल्या पेशी बहुतांश मेथिलयुक्तच निघतात, पहिल्या आणि दुसऱ्या भागातल्या तशा नसतात. फ्लोच्या रेघेवर विश्वास नसेल, तर त्याच नमुन्यातून सीडी४ पेशी वेगळ्या काढा, बायसल्फाइट प्रक्रिया करा (तिने मेथिल असलेल्या आणि नसलेल्या प्रती वेगळ्या ओळखू येतात) आणि पीसीआरने मेथिलविरहित प्रतींचं प्रमाण काढा. एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए, म्हणजे १ लाख पेशींतून कागदावर ६६० नॅनोग्रॅम. बायसल्फाइटमध्ये डीएनए बराच तुटतो, म्हणून ५०,०००च्या खाली जाऊ नका.

इथे ल्युपसवाले हमखास एका खड्ड्यात पडतात. फॉक्सपी३ हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत एक एक्स बंद असतो आणि त्या बंद प्रतीवर मेथिल गट तसेच असतात. त्यामुळे स्त्रीच्या शंभर टक्के शुद्ध टी-रेगमध्येही मेथिलविरहित प्रती जेमतेम ५० टक्के येतात. स्त्रियांच्या आकड्याला २ने गुणावं लागतं. ल्युपसच्या रुग्णांत स्त्रिया बहुसंख्य, आणि निरोगी गटात पुरुष जास्त घेतले असतील, तर न गुणता केलेली तुलना "रुग्णांत टी-रेग निम्म्या" असं सांगेल. तो निष्कर्ष आजारामुळे आलेला नसेल, निव्वळ गुणसूत्रामुळे आलेला असेल.

तुमच्या नळ्या हेपरिनच्या आहेत. हेपरिन डीएनएसोबत वाहत आलं तर पीसीआर अडवतं. पेशी नीट धुतल्या तर सहसा निभावतं, पण नव्याने रक्त घेणार असाल तर डीएनएसाठी ईडीटीएची एक वेगळी नळी घ्या.

निळी_नळी
सगळ्यांचे आभार. बफर, वेग, रंग आणि सीडी४५आरए या आठवड्यात बदलतो. निरोगी गट तपासला: निम्म्याहून जास्त पुरुष आहेत, तेव्हा मेथिलचा खड्डा वेळेवर कळला. एक शंका: टक्केवारी नीट आली तरी रुग्णांत लिम्फोसाइटच कमी असतात. त्याचं काय करायचं? आणि दुसरा भाग कमी निघालाच, तर "टी-रेग कमी पडल्याने आजार" असं लिहायचं का?

भाजक
टक्केवारीचा छेद बदलला की टक्केवारी खोटं बोलते. एका माणसात सीडी४ मायक्रोलिटरला १,००० आणि टी-रेग ५ टक्के: ५० पेशी. रुग्णात सीडी४ ३०० आणि टी-रेग १० टक्के: ३० पेशी. टक्केवारी दुप्पट, पेशी मात्र ४० टक्क्यांनी कमी. गोठवलेल्या पीबीएमसीतून निव्वळ संख्या निघत नाही, कारण फिकॉल, गोठवणं आणि धुणं यांत किती हरवलं ते मोजलेलंच नसतं. रक्त घेतलं त्याच दिवशी १०० मायक्रोलिटर ताजं रक्त, मोजणीचे मणी घालून, न धुता लाल पेशी फोडून चालवा. त्यातून सीडी४ची संख्या घ्या आणि गोठवलेल्या नमुन्यातली टक्केवारी तिला लावा. ते जमत नसेल तर त्याच नळीचा सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची मोजणी) तरी जपून ठेवा.

रक्त घेण्याची वेळ ठरवा. प्रेडनिसोलोन घेतल्यावर ४ ते ६ तासांत रक्तातले लिम्फोसाइट तळ गाठतात, मग परत चढतात. सकाळच्या गोळीआधी रक्त घ्या आणि डोस टिपून ठेवा. टॅक्रोलिमससारखी औषधं आयएल-२ची निर्मितीच दाबतात, आणि टी-रेगना जगायला बाहेरचं आयएल-२ लागतं. अशा रुग्णांत टी-रेग कमी दिसल्या तर ते आजाराचं काम की औषधाचं, हे तुमच्या आराखड्यातून वेगळं निघालं पाहिजे. उपचार सुरू होण्याआधीचे रुग्ण मिळाले, तर संख्येने कमी असले तरी तेच घ्या.

आता वाक्याचं. "कमी पडल्याने आजार" हे ठामपणे म्हणता येतं ते आयपेक्स सिंड्रोममध्ये. तिथे फॉक्सपी३ जनुकच बिघडलेलं असतं, लहान मुलग्यांना पहिल्या काही महिन्यांत अतिसार, मधुमेह आणि इसब होतं. ब्रुंको आणि रॅम्सडेल यांनी २००१मध्ये आधी स्कर्फी या उत्परिवर्तित जातीच्या उंदरात हे जनुक शोधलं आणि मग आयपेक्सशी जोडलं. ल्युपसमध्ये अशी सरळ रेघ नाही. संख्या ठीक असून दमन कमी असू शकतं. दमन ठीक असून समोरची साधी टी पेशीच ऐकेनाशी झालेली असू शकते. प्रकार १च्या मधुमेहात हे दाखवलं गेलंय. किंवा टी-रेग रक्तातून उठून मूत्रपिंडात जाऊन बसलेल्या असू शकतात, आणि तुम्ही रिकाम्या फलाटावर गाडीतली माणसं मोजत असाल.

तिसऱ्या भागाची गफलत फक्त स्वप्रतिकार आजारातली नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गाठीत फॉक्सपी३ पेशी जास्त म्हणजे रुग्णाचं चांगलं की वाईट, यावर वर्षानुवर्षं उलटसुलट निकाल येत होते. साकागुचींच्याच गटाने २०१६मध्ये गाठी दोन प्रकारांत वेगळ्या केल्या: काहींत दमन न करणाऱ्या मंद फॉक्सपी३ पेशी भरपूर, आणि त्या रुग्णांची वाटचाल चांगली. एका रंगाने मोजणाऱ्याला दोन्ही गाठी सारख्याच दिसत होत्या.

निळी_नळी
मग दमनाची चाचणी करावीच लागेल. थोडक्यात सांगता का?

फिरकी_६००
जिवंत पेशी सॉर्ट करा: सीडी२५ ठळक, सीडी१२७ मंद. म्हणजे इथे पृष्ठभागवाल्यांचंच गेट. यू-तळाची ९६ खणांची प्लेट. सीएफएसई (पेशी विभागेल तसा फिकट होत जाणारा रंग) लावलेल्या साध्या टी पेशी खणात २५,०००, आणि टी-रेग १:१, १:२, १:४, १:८. सीडी३-सीडी२८चे मणी, ४ दिवस.

तीन ठिकाणी फसते. मणी जास्त झाले तर उद्दीपन इतकं जोरात होतं की कुठलीच टी-रेग ते दाबू शकत नाही. म्हणून मण्यांची मात्रा आधी एकट्या साध्या पेशींवर ठरवा आणि ७० ते ८० टक्के पेशी विभागतील तिथे थांबा. दुसरं, टी-रेगच्या जागी तेवढ्याच न रंगवलेल्या साध्या पेशी टाकलेला खण हवाच. नाहीतर गर्दी आणि संपलेलं माध्यम यांनाच तुम्ही दमन समजाल. तिसरं, सीएफएसई जास्त झालं तर पेशी विभागण्याआधी मरतात. २ ते ५ मायक्रोमोलरमध्ये आधी करून बघा.

आणि चारही जोड्या लावा: रुग्णाच्या टी-रेग निरोगी साध्या पेशींवर, निरोगी टी-रेग रुग्णाच्या साध्या पेशींवर, आणि दोन्ही आपापल्या घरच्या. पेशी कमी पडल्या तर गुणोत्तरं कमी करा, जोड्या नको.